सात फुटांचा बांध

बर्मिंगहॅममध्ये व्हेनिसपेक्षा जास्त कालवे आहेत, हे वाक्य मी सव्वीस वर्षं पुण्याहून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवत आलो. त्या सव्वीस वर्षांत एकाही कालव्याच्या काठाने मी शंभर पावलं चाललो नव्हतो. शेवाळी पाणी, बिअरचे डबे, बदकांची घाण आणि मागून घंटी वाजवत अंगावर येणारे सायकलवाले, एवढं बसच्या खिडकीतून दिसायचं आणि तेवढं मला पुरेसं होतं. असा मी एका मंगळवारी जेवण झाल्यावर लॅपटॉप उघडला आणि कालव्याकाठची दोन तासांची खासगी सफर बुक केली. माणूस एक. पायी. गाईडसह.

गाईड आमची मुलगी होती.

ती दोन वर्षं माझ्याशी बोलत नव्हती. फोन उचलत नव्हती, मेसेजला उत्तर देत नव्हती आणि मी ऑफिसला गेलेलो असतानाच आईला भेटायला घरी येत होती. संध्याकाळी मी परत आलो की सिंकमध्ये दोन कप दिसायचे. त्या मंगळवारी बायकोने पोळी वाढता वाढता सांगितलं, "शनिवारी ती ग्लासगोला चाललीय. कायमची. तिकडच्या कालव्यावर नोकरी मिळालीय. तुम्हाला काय करायचं ते करा, मी मध्ये पडणार नाही." मी म्हटलं, "मला काय करायचंय? जाऊ दे." आणि ताट उचलून सरळ लॅपटॉपपुढे जाऊन बसलो.

मला तिची माफी मागायची होती. हे आज लिहिणं सोपं आहे. त्या दिवशी मी हे स्वतःलाही सांगितलं नव्हतं. पोरीला जाण्याआधी दोन शहाणपणाच्या गोष्टी सांगायच्या आहेत, असं सांगितलं होतं.

माझ्या नावाने बुकिंग केलं तर ती रद्द करेल, म्हणून मी बायकोच्या माहेरचं आडनाव घातलं आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झालो. आईचं माहेरचं आडनाव काय, हा बँकेचा ठरलेला सुरक्षेचा प्रश्न. तीन वर्षं बँकेत काढलेल्या मुलीला त्याचं उत्तर येणार नाही, असं मला का वाटलं, देव जाणे. इंजिनिअर माणूस मूर्खपणाही मोजूनमापून करतो.

सगळं त्या बँकेवरूनच झालं होतं. तिला इथल्या बँकेत नोकरी लागली तेव्हा मी मराठी मंडळात पेढे वाटले होते. तीन वर्षांनी तिने ती सोडली आणि कालव्यावर लोकांना फिरवायला लागली. घरी सांगितलं तेव्हा मी चिडलो, तमाशा केला. त्यात विशेष काही नाही, कुठलाही बाप चिडला असता. पुढे मी जे केलं ते वेगळं होतं. मी ते कुणाला कळूच दिलं नाही. पुण्यात माझी मोठी बहीण असते, तिचा दर रविवारी फोन येतो. तिने विचारलं की मी म्हणायचो, "मजेत आहे बँकेत." ती "हो का?" म्हणायची आणि विषय बदलायची. लग्नासाठी मुलीचा बायोडेटा पुण्यात फिरत होता, त्यातही नोकरीपुढे बँक तशीच राहू दिली. बायोडेटात लोक उंची दोन इंच वाढवतात, गव्हाळ रंगाचा गोरा करतात. मग नोकरी थोडी जुनी राहिली तर काय बिघडलं, असा माझा युक्तिवाद होता.

त्या वर्षी मंडळाच्या गणपतीत, शाळेच्या भाड्याने घेतलेल्या हॉलमध्ये, आमच्यातल्या एका वयस्क डॉक्टरांनी तिला विचारलं, "काय गं, काय चाललंय हल्ली?" ती म्हणाली, "मी कॅनॉलवर वॉक्स देते, काका. गाईड आहे." डॉक्टर काही बोलायच्या आत मी मोठ्याने हसलो. "गंमत करते ती. बँकेत आहे." आजूबाजूचे चार लोकही हसले. तिने हातातली मोदकांची प्लेट खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली आणि आरती सुरू व्हायच्या आधी निघून गेली. आठवड्याभरात घरही सोडलं.

तर गुरुवारी सकाळी दहा वाजता मी गॅस स्ट्रीटच्या बेसिनवर पोचलो. तिथे कालवा तळ्यासारखा रुंद होतो आणि लांबुळक्या रंगीत होड्या काठाला बांधलेल्या असतात. बारीक पाऊस होता, या देशात ज्याला पाऊस म्हणतच नाहीत तसला. ती पुलाखाली उभी होती. निळं जाकीट, पाठीवर पांढऱ्या ठळक अक्षरांत 'गाईड', हातात मिटलेली छत्री. मला पाहून ती जराही दचकली नाही. तिने घड्याळ पाहिलं आणि बायकोच्या माहेरच्या आडनावाला मिस्टर लावून मला हाक मारली.

"गुड मॉर्निंग. तुम्ही चार मिनिटं अर्ली आहात."

"अगं, मी—"

"टूर दोन तासांची आहे. टो-पाथवर डावीकडून चाला, सायकली येतात. काही विचारायचं असेल तर विचारा. पर्सनल क्वेश्चन्स इन्क्लूडेड नाहीत."

जन्मापासून मला 'बाबा, तू' म्हणणारी पोरगी. त्या 'तुम्ही'ऐवजी तिने शिवी दिली असती तरी चाललं असतं. पण मीही काही कच्च्या गुरूचा चेला नाही. मी म्हटलं, "ठीक आहे. दाखवा काय दाखवायचंय ते."

आणि तिने दाखवायला सुरुवात केली. टो-पाथ म्हणजे काठाची अरुंद वाट. पूर्वी घोडे त्या वाटेने चालत होड्या ओढायचे. बेसिनच्या मधोमध एक दगडी पट्टा होता, दोन्ही बाजूंना पाणी आणि होड्या. त्यावर मला उभं करून ती बोलायला लागली. निम्मं इंग्रजी, निम्मं मराठी. आवाज स्पष्ट, घाई नाही. हा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता.

"इथे दोन कंपन्या होत्या. पहिलीचा कॅनॉल आधी आला. मग दुसरी कंपनी आली, इथून वूस्टर गावाकडे कॅनॉल खणायला. पहिली म्हणाली, आमचं पाणी तुमच्याकडे जाता कामा नये. म्हणून मध्ये हा बार, म्हणजे बांध, ठेवला. सात फूट. त्यांची बोट त्या साइडला थांबायची, यांची या साइडला, आणि सगळा कोळसा, सगळ्या पेट्या, माणसं हाताने उचलून इकडून तिकडे टाकायची. इयर्स अँड इयर्स."

बांधावरून भांडणं फक्त आपल्याकडेच होतात, अशी माझी समजूत होती.

"मूर्खपणा आहे," मी म्हटलं. "मध्ये एक दरवाजा बसवला असता तर काम झालं असतं."

"बसवला. नंतर."

"मग आधी का नाही बसवला?"

"कारण आधी कोणीतरी अ‍ॅडमिट करायला लागतं की आपण स्टुपिड वागतोय."

टोमणा मला कळतो. टोमणे मारायला ती कुठल्या घरात शिकली तेही मला ठाऊक आहे. मी बाजूच्या फलकाकडे बोट दाखवून म्हटलं, "एवढं सगळं लिहिलेलं असताना गाईड कशाला लागतो लोकांना? वाचता येतं की."

"येतं," ती म्हणाली. "वाचत कोणी नाही. तुम्ही वाचलंत का?"

मी वाचलं नव्हतं. आम्ही पुढे निघालो.

पहिला तास असाच गेला. ती काहीतरी दाखवायची, मी त्यात काहीतरी काढायचो. काचेच्या इमारतींच्या मधून कालवा जातो. ती म्हणाली, इथे पूर्वी पितळेचे, काचेचे कारखाने होते. मी म्हटलं, आताच्या या फ्लॅट्सपेक्षा कारखानेच बरे होते, निदान काही तयार तरी व्हायचं. ती म्हणाली, हो का. बदकं आडवी आली, त्यांच्यावरून वाद झाला, कारण ती बदकं नव्हती, गीझ होते, म्हणजे रानहंस. मी मुद्दामच विचारलं, "आणि ते व्हेनिसचं वाक्य? ते नाही सांगितलंत अजून." तिने मागे वळूनही पाहिलं नाही. "ते वाक्य, जे लोक इथे कधी चालत नाहीत ते सांगतात."

एका जुन्या विटांच्या पुलाखाली ती थांबली. कमानीच्या कोपऱ्यावर लोखंडाची उभी पट्टी बसवलेली होती आणि तिच्यात आडव्या खाचा पडलेल्या होत्या. "इथे हात लावा," ती म्हणाली. मी लावला. खाच इतकी खोल होती की माझ्या करंगळीची अर्धी जाडी आत गेली. ओल्या दोरावर वाळूचे कण चिकटायचे, घोडा वळताना दोर कोपऱ्यावर घासायचा, आणि रोज शंभर होड्या गेल्या की शेवटी दोर लोखंड खातो, असं तिने सांगितलं. सांगताना तिचा स्वतःचा हात त्या खाचांवरून फिरत होता. मी तीस वर्षं यंत्रांच्या भागांची डिझाइनं करतो. झिजेवरच माझं पोट आहे. इतकी सुंदर झीज मी जन्मात पाहिली नव्हती. हे तिला तिथल्या तिथे सांगायला काय हरकत होती? माझ्या तोंडून निघालं, "ओतीव लोखंड आहे. झिजणारच."

तिने हात काढून घेतला आणि जाकिटाला पुसला.

तिथून पुढे कालवा उतारावर लागतो. पाण्याला उतारावर उभं कसं करायचं, तर जिना करायचा. एकेक पायरी म्हणजे एक खोल दगडी हौद, त्याला वर आणि खाली जाडजूड लाकडी दारं. होडी हौदात घ्यायची, वरचं दार लावायचं, पाणी खाली सोडायचं, होडी पाण्याबरोबर खाली बसते, मग खालचं दार उघडून बाहेर. याला लॉक म्हणतात. दाराला एक लांब ओंडका असतो, त्याला पाठ लावून रेटलं की दार उघडतं. पहिल्याच लॉकमध्ये एक होडी उभी होती आणि सुकाणूवर लाल टोपी घातलेली सत्तरीची इंग्रज बाई. तिने माझ्या मुलीला नावाने हाक मारली, जरा हात लाव म्हणाली. मुलगी उत्तर देईपर्यंत मी जाऊन ओंडक्याला पाठ लावली होती.

दार हललं नाही. मी जोर केला. तळहाताएवढंही हललं नाही. ती बाई माझ्याकडे बघत राहिली. हसू दाबायला ओठ मिटले तिने.

"दोन्हीकडचं पाणी लेव्हल झाल्याशिवाय ते उघडत नाही," मुलगी म्हणाली. "कितीही ढकला."

"मला माहीत आहे. दाबाचा प्रश्न आहे. मी इंजिनिअर आहे."

"मग ढकलताय कशाला?"

खरंच माहीत होतं मला. तरी मी ढकलत होतो, कारण ती बघत होती. दोन मिनिटांनी पाणी सारखं झालं आणि दार तिने एकटीने, पाठ टेकवून, फोनवरचा मेसेज वाचत वाचत उघडलं. होडी गेली. लाल टोपीवाल्या बाईने मुलीला सांगितलं की ग्लासगोत फार थंडी असते, मोजे नीट घे. म्हणजे होडीवाल्यांनाही माहीत होतं ती जाणार ते.

पुढची काही लॉक्स उतरून गेल्यावर कालवा मोठ्या इमारतींच्या आणि रेल्वेच्या खालून जातो. आत विटांचे जाड खांब, ओल, वरून ठिबकणारं पाणी आणि पाऊल टाकलं की घुमणारा आवाज. मला वाटलं, आता. समोरासमोर नाहीये, तोंड दिसत नाहीये, आता बोलून टाक. मी घसा खाकरला.

"ग्लासगोला जायची काय गरज आहे?" मी म्हटलं. "इथे काय कमी आहे? आणि असल्या नोकरीत पुढे काय?"

माफी मागायला निघालेला माणूस हे बोलला. आजही मला ते वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

ती थांबली. सफरीत पहिल्यांदाच तिने छत्री खाली टेकवली. "तुम्हाला माझं काम आवडत नाही, ते ओके आहे. आईलाही आधी आवडलं नव्हतं. पण तुम्ही सगळ्यांच्या समोर हसलात. मी खरं बोलले आणि तुम्ही हसलात, जसं काही मी वेडी आहे. तुम्हाला माझा लाज वाटतो."

"माझी," मी म्हटलं. "माझी लाज वाटते."

जिभेला हाड नाही म्हणतात ते खोटं नाही. पंचवीस वर्षं मी तिचं मराठी दुरुस्त करत आलो होतो, जेवताना, गाडीत, फोनवर, आणि त्या अंधारात, त्या वाक्यालासुद्धा, ती सवय माझ्या आधी बोलली. खांबांमधून माझा आवाज घुमून परत आला.

"थँक यू," ती म्हणाली. "माझी लाज वाटते. नाऊ इट्स करेक्ट."

ती चालायला लागली. मी तिच्या मागे. पाठीवरचं 'गाईड' तेवढं त्या अंधारात दिसत होतं. बाहेर उजेडात आलो आणि समोर बघतो तर डॉक्टर आणि वहिनी. तेच, गणपतीतले. रिटायर झाल्यावर त्यांनी इथेच कालव्याकाठी फ्लॅट घेतलाय, हे मी विसरलो होतो. दोघं फिरायला निघाले होते.

"अरे वा!" डॉक्टर म्हणाले. "बाप-लेक फिरायला?"

पुढचं मला अजून नीट समजावून सांगता येत नाही. कुणी गुडघ्यावर हातोडी मारली की पाय उडतो, तसं झालं असावं. "हो ना," मी म्हटलं, "बँकेतून सुट्टी घेतलीय तिने आज. म्हटलं चल, जरा पाय मोकळे करू."

माझ्या शेजारी ती ते जाकीट घालून उभी होती. छातीवर फोटोचा बिल्ला, त्यावरही 'गाईड', पाठीवर वीतभर अक्षरं. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. वहिनींनी पाण्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही सगळं बोलणार, आणि बोललीच पाहिजे, मला तेच हवंय.

"हो काका," ती म्हणाली. "सुट्टी आहे आज."

"हवीच की," डॉक्टर म्हणाले. "सुट्टी हवीच माणसाला." वहिनी म्हणाल्या, पाऊस वाढेल, लवकर घरी जा. आणि ते दोघं अंधाराच्या बाजूला निघून गेले.

मला आधी हायसं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. दहा-बारा पावलं तसंच वाटत राहिलं. मग तिच्या त्या 'हो काका'मध्ये काहीतरी खटकायला लागलं. तो आवाज फार सरावाचा होता.

"तू खोटं का बोललीस?" मी विचारलं.

"तुम्ही बोललात म्हणून."

"डॉक्टरांना काय वाटलं असेल? जाकिटावर लिहिलंय."

"त्यांना माहितीय," ती म्हणाली. तिने चालणं थांबवलं नव्हतं. "जूनमध्ये आले होते माझ्या टूरला. पुण्याचे गेस्ट्स होते त्यांचे, अकरा लोक. मंडळातले आणखी पण खूप येऊन गेले. मी सगळ्यांना सांगते, बाबांच्या समोर बोलू नका. बाबा बँक म्हणाले तर बँक म्हणा."

"का?"

ती माझ्याकडे वळली. राग होता, पण दमलेला. "का म्हणजे? सगळ्यांसमोर खोटं पडल्यावर कसं वाटतं ते मला माहितीय."

शेवटचं लॉक आलं. पलीकडे जिना, वर रस्ता, बसचे आवाज. ती लॉकच्या ओंडक्याला टेकून उभी राहिली आणि पुन्हा गाईड झाली.

"टूर संपली. मी सगळ्यांना एकच रिक्वेस्ट करते. आज जे पाहिलं त्यातलं काहीतरी एका माणसाला सांगा. ज्याला माहीत नाही त्याला. फोटो पाठवायचा नाही, तोंडाने सांगायचं. काही प्रश्न?"

आता तरी. 'चुकलो' या शब्दाला तीन अक्षरं आहेत. मी तोंड उघडलं.

"बसस्टॉप कुठेय?"

तिने छत्रीने जिन्याकडे दाखवलं. "वर, लेफ्टला." आणि माझ्या आधी ती जिना चढून गेली. पाठीवरची अक्षरं वळणापर्यंत दिसली.

स्टॉपवर बस यायला वेळ होता. मी तिथे बसलो, पँट भिजलेली, आणि ठरवलं की निदान ती रिक्वेस्ट तरी पाळू. आज मी पाहिलं ते हेच, की पोरगी गाईड आहे. हे ज्याला माहीत नाही असा एक माणूस. बायकोला माहीत होतं. डॉक्टरांना, मंडळाला माहीत होतं. होडीवाल्या बाईलासुद्धा माहीत होतं. उरली माझी बहीण. पुण्यात संध्याकाळ व्हायला आली होती. मी फोन लावला आणि ती हॅलो म्हणायच्या आत बोलून टाकलं, "अगं, पोरगी बँकेत नाहीये. दोन वर्षं झाली. कालव्यावर गाईड आहे. मी तुझ्याशी खोटं बोलत होतो."

पलीकडे पंख्याचं बटण बंद केल्याचा आवाज आला.

"अरे, मला माहितीय," बहीण म्हणाली. "तिनेच सांगितलं, त्या गणपतीच्या दुसऱ्या दिवशी. रडत होती. म्हणाली, आत्या, बाबा बँक म्हणेल तेव्हा तू नुसतं 'हो का' म्हण."

दोन वर्षांचे रविवार. माझी बहीण, जी भाजीवाल्याचंही ऐकून घेत नाही, ती शंभर रविवार मला "हो का?" म्हणत होती.

मी फोन ठेवला. ज्याला माहीत नाही असा माणूस सांगायला उरलाच नव्हता. गावाला ठाऊक असलेली गोष्ट मी एकटाच लपवत होतो, आणि माझं लपवणं ज्या मुलीची मला लाज वाटत होती ती सांभाळत होती. त्या बसस्टॉपवर मला माझी अशी लाज वाटली की बस आली तरी मी उठलो नाही. बस गेली.

मग मी मुलीला फोन केला. तिने उचलला नाही, ते अपेक्षितच होतं. आवाजी निरोप ठेवला. तो मी परत ऐकलेला नाही, पण साधारण आठवतो. "एका माणसाला सांगायचं होतं. सगळ्यांना तू आधीच सांगून ठेवलंयस, म्हणून तुलाच सांगतो. आज मी एक बांध पाहिला, नऊ फुटांचा. दोन्हीकडे पाणीच, आणि तरी माणसं सगळं ओझं उचलून इकडून तिकडे टाकत होती. मग एका पुलाखाली दोराने खाल्लेलं लोखंड पाहिलं. एवढी सुंदर झीज मी पाहिलेली नाही, तिथेच म्हणायला हवं होतं. गाईडने फार छान दाखवलं. त्या गणपतीत मी हसलो ते चुकलं. आजही चुकलो, डॉक्टरांपुढे. चुकलोच. बस आली." बस आली नव्हती.

शुक्रवारी काही आलं नाही. शनिवारी बायको तिला स्टेशनवर पोचवायला गेली. मला कुणी बोलावलं नव्हतं. मी घरी बसून आठवड्याचे शर्ट इस्त्री केले, आणि मग ज्यांना गरज नव्हती तेही केले. बायको परत आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते.

रविवारी सकाळी, चहा घेत असताना, फोनवर मुलीचा मेसेज आला. दोन वर्षांतला पहिला.

"सात फूट. नऊ नाही."

एवढंच. माझ्या त्या सगळ्या बोलण्यातून तिने नेमकी तेवढी चूक उचलून माझ्या हातात ठेवली होती. माझा संताप झाला. अरे, बाप माफी मागतोय, आणि तुला फूट दिसतात? मी कप आपटला, बायकोला मेसेज दाखवला. तिने तो वाचला आणि हसायला लागली. हसता हसता टेबलावर डोकं ठेवलं. "कुणाची पोरगी आहे," ती म्हणाली. "अहो, कुणाची पोरगी आहे ती."

सोमवारी मी ऑफिसमधून अर्धा दिवस लवकर निघालो, ड्रॉवरमधली स्टीलची टेप खिशात घातली आणि गॅस स्ट्रीटला गेलो. त्या बांधावर ओल्या दगडावर गुडघे टेकले. एक जपानी जोडपं फोटो काढायचं सोडून माझ्याकडे बघत राहिलं. टेप या पाण्यापासून त्या पाण्यापर्यंत ताणली, दोनदा मोजलं, आणि तिला कळवलं.

"सात फूट तीन इंच."

मी उठून गुडघे झाडत होतो तोवर उत्तर आलं.

"मोजायला गेलास?? चालत?"

मी लिहिलं, "हो. डावीकडून चाललो."